चार बोटांची लिमा

कार्सनला, चर्चमागच्या पार्किंगमध्ये
मंगळवारी आणि गुरुवारी
इउतिता आम्हाला उभं राहायला शिकवते.
उभं राहायला!
मी एकेचाळीस वर्षांचा.
लाँग बीचच्या गोदीत रात्रपाळीला कंटेनर उपसतो,
उभ्यानेच जन्म गेलाय माझा.
ती मागून येते, माझ्या गुडघ्याच्या खोबणीत
पायाचा अंगठा टेकवते, नुसता टेकवते,
आणि मी अठरा नंबरच्या गाडीच्या जागेत
बसलेला असतो.

"टोए फाई," म्हणते.
पुन्हा.

पहिला महिना गुडघ्यांचा गेला.
कमरेइतक्या पाण्यात उभं असल्यासारखे
सैल गुडघे.
दुसरा महिना श्वासाचा.
आमच्या भाषेत मनवा म्हणजे पोट
आणि पहिला स्वर लांबवला, मानवा,
की श्वास.
मी इथे जन्मलेलो, सामोअन कानाने अर्धवट,
मला दोन्ही एकच ऐकू यायचे.
"म्हणूनच धापा टाकतोस," ती म्हणाली,
"एक मात्रा खातोस."

एलेउतेरिओ मेकॅनिक आहे, त्याला प्रत्येक भागाचं मूळ हवं.
हात चिनी दिसतात, काठी फिलिपिनो,
फेकणं जपानी. मग तुमचं काय यात?
"पाय," इउतिता म्हणाली. "थोडे. नाचातले."
म्हणजे भेसळच की!
ती काही बोलली नाही.
गुरुवारी फॉइलच्या ट्रेमध्ये सापासुई घेऊन आली.
शेवया चिन्यांच्या, सॉस चिन्यांचा,
मांस न्यूझीलंडच्या डब्यातलं.
"खा. आणि मला दाखव
चीन कुठे संपतो
आणि माझी आई कुठे सुरू होते."
त्याने तीनदा वाढून घेतलं.
उत्तर दिलं नाही.

लिमा म्हणजे हात.
लिमा म्हणजे पाचसुद्धा.
इउतिताच्या उजव्या हाताला करंगळी नाही.
पांगो पांगोच्या ट्यूनाच्या कारखान्यात, सोळाव्या वर्षी.
"डब्यात गेली असेल," ती सांगते,
"कुणीतरी ब्रेडला लावून खाल्ली."
मेलेनाइते दर वेळी तोंडावर हात धरते.
हाताची पाची बोटं सारखी नसतात, हे ठीक,
पण ती मोजायला लागली की
तासी, लुआ, टोलू, फा,
आणि पाचव्याला
डाव्या हाताचं बोट त्या गुळगुळीत जागेवर ठेवते:
लिमा.
एक क्षणही न अडखळता.

मी ठोसा शिकायला आलो होतो.
कुणासाठी, ते सांगत नाही.
चौथा महिना चाललाय
आणि आम्ही पडतोय.
हनुवटी छातीशी, तळहात काँक्रीटवर सपाट,
श्वास बाहेर, डोकं शेवटी,
नाही, डोकं कधीच नाही.
माझ्या नितंबांवर अमेरिकेचा नकाशा उमटलाय,
हवाईसकट.

मागच्या गुरुवारी ट्रेमधलं तेल पायरीवर सांडलं होतं
आणि इउतिता घसरली.
एकाहत्तर वर्षांची बाई, हवेत.
तळहाताचा असा आवाज आला
की पलीकडच्या टायरच्या दुकानातला कुत्रा भुंकायला लागला.
मेलेनाइते किंचाळली.
मी धावलो, वर जाऊन उभा राहिलो, हात पुढे केला.
ती आडवी, चष्मा कानाखाली,
आकाशाकडे बघत, नीट श्वास सोडत.
माझा हात तिने घेतला नाही.
"पाय," म्हणाली.

मी खाली पाहिलं.
दोन्ही पाय जुळलेले,
गुडघे काठीसारखे.
हिला उचलायला गेलो असतो
तर दोघंही तेलात.

गुडघे सैल केले.
उजवा पाय मागे घेतला.
पोटातून, दीर्घ मात्रेने.
मग तिने हात दिला,
आणि किती बोटांनी धरलंय
ते मोजायचं राहून गेलं.

घरी निघालो तेव्हा सीटवर
उरलेली सापासुई होती, कोमट.
सिग्नलला मूठ वळून पाहिली.
कुणासाठी तरी इतके महिने जपलेली.
मागच्या गाडीने हॉर्न दिला.
हिरवा केव्हाच पडला होता.